मात्रेची काठी

परीक्षेला हमखास यायचं:
स्वच्छ आकृती काढा, भागांना नावे द्या.
मी अंडं काढायचे लांबट, एका टोकाला काटा.
काटा राहिला की अर्धा गुण गेला.

आता मलावी सरोवराच्या काठी, शाळेच्या आवारात,
गोरखचिंचेच्या बुंध्याला टेकून उभी आहे
रंगीत पट्ट्यांची काठी.
वजनकाटा लागत नाही, उंचीवरून गोळ्या:
या रेघेपर्यंत दीड, पुढच्या रेघेपर्यंत दोन,
त्याच्या वर अडीच.
पोरं टाचा उचलतात, मोठं दिसायला.
अटुपेले तेवढा गुडघ्यांत वाकतो.
अर्धी गोळी कमी म्हणजे अर्धा कडूपणा कमी,
असा त्याचा हिशेब.
मी त्याचे गुडघे हाताने सरळ करते.
दोन.

नमुने भर दुपारी घ्यावेत, हेही पुस्तकात होतं.
अंडी जास्त उतरतात ती दहा ते दोनच्या सुमारास.
मूत्राशयाभोवतीच्या शिरांत, गडद काळोखात,
डोळे नसलेल्या त्या जोडप्याला
ऊन डोक्यावर आल्याचं कोण सांगतं?
नर आपल्या अंगाची पन्हळ करतो,
मादी तिच्यात पडून राहते, वर्षानुवर्षं.
वर्गात आम्ही खिदळलो होतो तेव्हा
काम्फोनी सर खडू खाली न ठेवता म्हणाले,
हसा. असा संसार जमला कुणाला तर मला कळवा.

बाकावर बाटल्यांची रांग.
एकीत फिकट पिवळं, एकीत कोरा चहा,
एकीत जास्वंदीचं सरबत.
सरबतवाला म्हणाला, त्यात काय,
माझ्या भावाला झालं होतं, आता तो होडी चालवतो.
आणि मुलींच्या रांगेत
एनेलेसी बाटली फडक्यात गुंडाळून धरून,
कुणालाच न दाखवता,
तिसऱ्यांदा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

खाली वाळूत अटुपेलेचा बाप आणि दोघे
जाळं ओढत होते. निळं, बारीक विणीचं.
मी ओळखलं. शिवणीवरची पट्टीसुद्धा ओळखली.
हिवतापासाठी घरटी दोन मच्छरदाण्या,
दोन वर्षांपूर्वी मीच वाटल्या होत्या,
प्रत्येकाचा अंगठा घेऊन.
त्या विणीतून काही सुटत नाही:
बोटाएवढी पिल्लं,
आणि त्यांतच तो मासा, जो मोठा झाला असता
तर दातांनी शंख फोडून गोगलगायी खाल्ल्या असत्या.
गोगलगायी आहेत. लव्हाळ्यात, जिथं भांडी घासतात तिथं,
सुखात आहेत.
मी सांगायला गेले. त्यानं ऐकून घेतलं सगळं,
शेपटी फुटलेल्या अळीपर्यंत.
मग म्हणाला, मच्छरदाणीत सात जण मावत नाहीत, ताई.
या माशांत मावतात.
आणि मूठभर पिल्लं माझ्या पिशवीत टाकली.

आधी पेज, मग गोळ्या.
रिकाम्या पोटी दिल्या की पोरं ओकतात.
अटुपेलेनं पेज संपवली, वाडगा चाटला,
गोळ्या गिळल्या, तोंड वेडंवाकडं केलं,
आणि कडू घालवायला धावला
थेट सरोवरात.
गुडघाभर पाण्यात, ओंजळीनं चूळ भरत,
पाठ ताठ, पाय सरळ.
नोंदवहीत लिहिलं: एकशे एकतीस सेंटीमीटर, दोन गोळ्या, दिल्या.
पुढचा रकाना शेऱ्याचा. पेन टेकवून ठेवलं नुसतं.

सगळे गेल्यावर काठीला पाठ लावून पाहिली.
चार.
रविवारी मीही पोहले होते,
संध्याकाळी, पाणी कोमट होतं म्हणून.
रात्री पोटऱ्यांना खाज सुटली होती.
डबा हातात होता, गोळ्याही उरल्या होत्या,
पण कोवळ्या किड्यांवर याची मात्रा चालत नाही.
निदान सहा आठवडे थांबायचं,
त्यांना वाढू द्यायचं, त्यांची जोडपी लागू द्यायची.
हा प्रश्न आला होता परीक्षेत.
मी बरोबर लिहिला होता.