पावणेतीन गोळ्या

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी
तांडापेठेत, तारांवर लटकलेल्या पतंगांखाली
आमच्या डांबरचा पाय नायलॉनच्या मांजानं कापला.
काळं कुत्रं. रक्त त्याच्यावर दिसलं नाही,
फरशीवर ठसे उमटले तेव्हा दिसलं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी वजन.
डांबर काट्यावर उभाच राहीना.
मग मी त्याला उचलून चढले, मग एकटी चढले,
माझं वजन सगळ्या रांगेनं ऐकलं.
वजाबाकी : अठरा किलो.
अमॉक्सिसिलिन, सकाळ-संध्याकाळ एक,
सात दिवस.
"बरा दिसला तरी सात," त्या म्हणाल्या,
आणि मी मान हलवली, जशी आपण हलवतो.

सहाव्या दिवशी दुपारी
डांबर मांजरीमागं भिंत चढायला निघाला.
म्हटलं, झालं बाप्पा, कायले पोटात औषध ओता.
तीन गोळ्या उरल्या.
तिळगुळाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या.
औषध फेकवत नाही हातून.

शेजारची ओजल बारापात्रे, वय आठ.
तिचा ससा, कापूस, शिंकून राहिला होता.
"काकू, डांबरले दिली ती दे ना."
मी सुरीनं गोळीचे चार भाग केले,
अगदी मापून, सोनाराच्या नजरेनं.
किती कमी दिली, म्हणून मलाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कापसानं गाजराकडं पाहिलं नाही.
तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याखालचा कागद
कोराच निघाला. एक लेंडी नाही.
चौथ्या दिवशी आम्ही दोघी त्याच दवाखान्यात,
तोच काटा. दीड किलो.
"कोणी दिली?"
मी बोलले.
त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
म्हणाल्या, सशाच्या पोटात जंतूंची वस्ती असते,
तीच त्याचा चारा शिजवते.
ही गोळी तोंडातून गेली की
त्या वस्तीतली चुलीजवळची माणसं आधी मरतात.
मागं उरतात ते विष करणारे.

रात्री कापूस गेला.
ओजलनं मला काही म्हटलं नाही.
तिळगुळाचा डबा मी दोनदा घासला.

पावणेतीन गोळ्या घेऊन ढोमण्यांच्या मेडिकलमध्ये गेले.
नालीत टाकू? नाग नदीत आधीच का कमी आहे, ते म्हणाले.
कचऱ्यात? भांडेवाडीला जाईल, तिथं कुत्री, गाई, पोरं.
त्यांनी मुदत संपलेल्यांच्या खोक्यात टाकल्या.
पावाचा तुकडा पाहून विचारलं, हा पाव कुठं गेला?

मार्चमध्ये ओजलचा कान फुटला.
संध्याकाळी बारापात्रे वहिनी दारात,
हातात बाटली, लेबल माझ्याकडं.
"हीच का ती? पोरगी तोंड उघडून नाही राहिली."

मी गेले. ओजल भिंतीकडं तोंड करून.
"हेच नाव आहे," मी म्हटलं. खोटं बोलायची सोय नव्हती.
"पण तुझं वजन केलं ना? तुझ्या कानात बत्ती टाकून पाहिलं ना?
आधी कधी ह्यानं अंगावर पुरळ आलं का, विचारलं ना?"
ती भिंतीला म्हणाली, "कापसाचं कोणी विचारलं नाही."
"नाही. मी विचारलं नाही."

बराच वेळ पंखा फिरत राहिला.
मग : "माझ्या पोटात पण राहतात ते?"
"राहतात."
"ते मरतील?"
"थोडे मरतील. पोट बिघडलं तर सांगजो. दही खाजो.
तू ससा नाही आहेस."

चमचा तिनं स्वतः धरला.
बाटलीच्या मापाचा, घरातला नाही; तेवढं मी पाहिलं.

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत जायची.
तिसऱ्या दिवशी कान दुखायचा थांबला,
वहिनी म्हणाल्या, आता ठेवून देऊ का, पुढं कामी येईल.
मी काही बोलायच्या आत
आतून ओजलचा आवाज आला :
"चार चमचे बाकी आहेत."

माझ्याशी ती अजून नीट बोलत नाही.
मोजते मात्र.