ड्रॉवर अठ्ठेचाळीस

दर मे महिन्यात उघडते मी हा ड्रॉवर,
डांबरगोळ्या बदलायला.
बाहेर सदरच्या रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं,
कूलरच्या ताट्या पुन्हा वाळल्यात,
आणि आत, टाचणीवर, तांदळाच्या दाण्याएवढी एक माशी,
लेबल तिच्याहून मोठं.

गावाचं नाव जर्मन आहे, मला लागत नाही.
तारीख तेवढी लागते : जून अडुसष्ट.
हेडाऊ मॅडमनी अदलाबदलीत मागवली होती म्हणे,
बदल्यात काटोलच्या संत्र्यावरची काळी माशी पाठवली.
तिकडून पत्र आलं, आभारी आहोत,
पण ही माशी नव्हेच.
मॅडम आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत.

हिच्या पंखांवर काळं नागमोडी वळण,
नाग नदीसारखं. नकाशातल्या हं,
पुलाखालच्या नाही.

टाचणीशेजारी कापसात दोन गाठी.
आपल्या उंटकटारीची तिकडे कुणी लांबची बहीण आहे,
तिच्या कोवळ्या शेंड्यात ही अंडी घालते.
झाड फुगतं, सुपारीएवढं, मग लाकूड होतं,
प्रत्येक अळीला वेगळी खोली,
भिंतच जेवण.
हिवाळ्यात झाड मरतं, आडवं होतं, बर्फाखाली जातं,
तरी आतली झोपलेली.

पंख फुटल्यावर मात्र पंचाईत :
माशीला दात नसतात.
घर कुजायची वाट पाहावी लागते,
ओल यावी, भिंत मऊ व्हावी,
मग ढकलायचं डोक्यानं.

एका गाठीला भोकं आहेत.
दुसरीला नाहीत.

यशपाल म्हणतो, फोडून पाहू न बाप्पा,
अडकित्ता आणतो घरून.
काहून फोडायची रे?
मी कानाशी धरून हलवली एकदा,
आत काहीतरी खुळखुळलं,
लाकडाचा भुसा असेल.
पंचावन्न उन्हाळे झाले,
इथं काही कुजत नाही, सगळं वाळतं.

आज टाकीत पाणी भरून तशीच आले,
हात ओला होता.
गाठीवर बोटाचा ठसा उमटला, गडद.
पदरानं पुसला घाईघाईनं.
उगाच कुणाला वाटायचं,
आलं बाई एकदाचं.

वहीत लिहिलं :
ड्रॉवर अठ्ठेचाळीस. गोळ्या सहा.
नमुने जसेच्या तसे.