उघाडी

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, तिसरा मजला.
विद्यापीठाचा शिपाई कापडी पिशवी ठेवून गेला:
एकसष्ट प्रवेशिका. कथा, कविता, वार्तांकन.
सोबत गुणतक्ता आणि पत्र, 'परीक्षक म्हणून आपली...'
मी आधी 'परीक्षक'ची वेलांटी तपासली.
सवय.

एकोणचाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ओळी वाचल्या
अर्थाकडे न बघता.
मुद्रितशोधकाला अर्थ परवडत नाही,
अर्थात गुंतलं की काना निसटतो.
दंगल असो, वधू पाहिजे असो,
मला सगळं सारखंच, ऱ्हस्व, दीर्घ, सुटलेला अनुस्वार.
एकदा माझ्याच भावाच्या निधनाची चौकट
माझ्या टेबलावर आली.
'दुःखद'मध्ये विसर्ग नव्हता. तो घातला
आणि पान सोडलं.

तर एकसष्ट.
बावीस जणांनी आई लिहिली होती,
अकरांनी एकटेपणा.
एकानं परीक्षकांवरच कविता केली होती, बरी होती.
लाल पेन आपोआप चालत होतं.

सदतिसावी: वार्तांकन.
दर्शिका मढवी, द्वितीय वर्ष, राहणार गोठिवली.
'उघाडी राखणारा माणूस.'
मी शीर्षकातलाच काना उडवला. उघडी.
मग 'पानी'त ण घातला, 'डोला'त ळ,
'जेला'चं 'गेला' केलं.
दोन पानं रक्ताळली, आणि तिसऱ्यावर
एक वाक्य पेनाखाली येऊन हलेचना:
"खारीन आता पानी येत नाय, टावर येतान.
मी तरी उघाडी राखतंय.
नको राखू, असा कुनी बोलला नाय."

मागे गेलो. पहिल्या ओळीपासून वाचलं.
वाचलं म्हणजे, वाचलं.

उघाडी म्हणजे खारबांधातलं दार.
ओहोटीला उघडायचं, शेतातलं जास्तीचं पाणी जाऊ द्यायचं;
भरतीला लावायचं, खाडी भातात शिरू नये म्हणून.
बांध गेला. भात गेलं. वरून रस्ता गेला.
गोमा केणी अजून भरतीच्या वेळेला
नाल्याच्या तोंडाशी जाऊन बसतो,
रबाळ्याच्या कंपन्यांची पाळी सुटते तिथंच,
आणि कुणी विचारलं तर सांगतो, ड्युटी.

लाल शाई खोडता येत नाही.
पण छापखान्यात त्यावरही खूण होती:
चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबांची रांग.
म्हणजे, होतं तसं राहू द्या.
रात्री एक वाजेपर्यंत मी टिंबं देत बसलो,
दोनशे चौदा शब्दांखाली.

बैठकीत नियम चार निघाला, भाषा प्रमाण असावी.
वाद घालण्यात मी कच्चा.
म्हटलं, माणूस जे बोलला ते आपण बदललं
तर बातमी कुणाची...
तेवढ्यात चहा आला.
उत्तेजनार्थ. पाचशे रुपये.

वाशीच्या सभागृहात ती मंचावर आली,
पायात साधी चप्पल, हातात फुलं कुठे धरावीत ते कळेना.
प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरांत: 'दर्शिका माधवी'.
कुणीतरी तिलाही शुद्ध करून टाकलं होतं.
विभागप्रमुख "अहो, अहो" म्हणेपर्यंत
मी 'माधवी' खोडून समासात 'मढवी' लिहिलं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
माझं प्रूफ बघून कुणी हसलं.

नंतर पायऱ्यांवर तिनं प्रवेशिका पुढे केली.
"सर, येवढी टिंबं कसली?"
सांगितलं.
"म्हंजे ऱ्हाव दे," ती म्हणाली. मग पहिलं पान उलटून,
"आनि शीर्षकाखाली?"

तेवढं राहून गेलं होतं.
माझं पेन तिनं मागून घेतलं.

आत आभार चालले होते.
शेवटच्या रांगेतला एक म्हातारा
मघापासून सारखा घड्याळ बघत होता.
पावणेसहाची भरती.
तो आभार संपायच्या आधीच उठला.