चोवीस बाय चोवीस

पहिला कॉम्प्युटर दारव्ह्याच्या भंगारवाल्याकडून आणला,
वजनावर.
एका पारड्यात माझा डबा, दुसऱ्यात लोखंडी मापं,
भरला सात किलो चारशे.
"जीव हाय का याच्यात?" त्यानं विचारलं.
म्हटलं, पाहू.

आतून पालीची दोन अंडी निघाली, वाळून खडखडणारी,
आणि कुठल्याशा पतसंस्थेचं स्टिकर.
रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या,
शुद्धलेखन चुकलेल्या पोरासारख्या,
चौथ्या खेपेला एक बीप आली.
आई आतून ओरडली, "मांजर आलं वाटते, दूध झाक!"

आमचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून.
दिवाळी सरली की रुई उडते, पंखा बुजतो,
दर रविवारी कॅबिनेट उघडावं
तर आत एका उशीपुरता कापूस.

मे महिन्यात एक प्रोग्राम लिहिला:
डावीकडे प्रोसेसरचं तापमान, उजवीकडे ओसरीचं.
दुपारी दोनला चौसष्ट आणि सेहेचाळीस.
त्याचा काही उपयोग नव्हता.
बाबा मात्र येता-जाता पाहत,
"आज तुझ्या मशीनले ताप कमी हाय," म्हणत,
नि कूलरमध्ये पाणी ओतत,
त्याच्यासाठी की माझ्यासाठी, कधी विचारलं नाही.

यवतमाळात डिप्लोमा झाला.
मग बायोडाटा_शेवटचा,
मग बायोडाटा_शेवटचा_खरा,
मग नुसतंच बायोडाटा_९.

त्याच उन्हाळ्यात डेअरीतल्या फॅट मशीनचा पडदा गेला.
गंगूबाई कुडमेथे सचिव, त्यांनी बोलावलं.
मशीनच्या पाठीत वायर खुपसली,
तीन रात्री ती नुसती कचरा बोलत होती,
चौथ्या रात्री म्हणाली, सहा पूर्णांक आठ.
छोटा प्रिंटर जोडला. पावती निघाली.
वर गावाचं नाव:
हिव, मग रिकामा चौकोन, मग णी.

"काऊन रे विलास,
गावाच्या नावात खिडकी काऊन पाडली?"

प्रिंटरला ळ येत नव्हता.
आलेखाच्या वहीवर चौकट आखली, चोवीस बाय चोवीस,
आणि पेन्सिलीनं एकेक घर भरत गेलो.
पहिला ळ चष्म्यासारखा आला.
दुसरा पाय घसरलेल्या माणसासारखा.
सातव्याला गंगूबाईंनी पावती डोळ्यांपासून लांब धरली,
म्हणाल्या, "हं. आता आपलं वाटते."

मुलाखत पाण्याच्या टाकीच्या अकराव्या पायरीवर दिली,
तिथं तीन दांड्या येतात.
कंपनी नोएडाची, पडद्यावर तिघं.
"मिस्टर दंभारे, फ्रॉम... हिवलनी?"
डंभारे, म्हटलं. हिवळणी, म्हटलं नाही.
प्रोजेक्ट विचारला, सांगितला.
युजर किती?
"एकशे चौदा. सध्या नव्वदच,
बाकीच्यांच्या म्हशी आटल्यात."

तिघंही एकदम गप्प.
मला वाटलं नेटवर्क गेलं.
गेलं नव्हतं.

नंतर एकजण हसला, वाईट नव्हता हसला तो,
विचारू लागला, ते अक्षर कसं काढलंत?
मी वही कॅमेऱ्यासमोर धरली.
वाऱ्यानं पान उलटलं,
त्यावर आईचा किराणा होता: तूरडाळ, मीठ, निळ.
पाहताना वाटलं, तिघांतल्या दोन शब्दांत ळ आहे,
आणि हे त्यांना सांगावं की नाही
एवढ्यात वेळ संपली.

कळवतो म्हणाले. आज सोळावा दिवस.
बाबा कूलर भरताना एकदा विचारतात, मग विचारत नाहीत.

संध्याकाळचं दूध सुरू झालंय.
रांगेत कॅन, कॅनवर माश्या,
पावत्या निघतायत, कर्र कर्र.
ळच्या उजव्या वेटोळ्यात एक ठिपका जास्तीचा आहे,
कोणाला दिसत नाही,
मला रोज दिसतो.

फोन खिशात गुरगुरतो.
थांब जरा.
आधी हा ठिपका.