काळी चार

दोनशे चाळीस पौंड. त्यावर एक पेनी नाही.
बॉयलरची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली होती,
हे ऑलरेनशॉला सांगायची काही गरज नव्हती, तरी सांगितलं.

स्टॉकपोर्टच्या रेल्वे पुलाखाली त्याचं दुकान.
वरून मँचेस्टरची गाडी गेली की
फळीवरचे जुने स्पीकर न लावताच गुणगुणतात.
"काय काय आहे तुमच्याकडे?"
पथ्यपाणी विचारावं तसं त्यानं विचारलं.
एकसष्ट कॅसेटी, त्यातल्या अकरांवर नाव नाही.
तबकड्या चाळीस, बऱ्याचशा इथल्याच,
धर्मादाय दुकानांतून पन्नास-पन्नास पेन्सला उचललेल्या
खाणकामगारांचे ब्रास बँड,
कारण वेष्टनावरच्या मिशा आवडल्या.
सीड्या मुलीच्या; ती लीड्सला गेली, त्या राहिल्या.
आणि फोनमध्ये काय आहे ते फोनलाच ठाऊक.

"अर्धे पैसे स्पीकरला," तो म्हणाला, "आणि अँप्लिफायर
नेहमी मागून बघायचा. भोकं मोजायची."
मला हसूच आलं.
आमच्याकडे स्थळं बघताना कुणी असं पाठमोरं उभं केलं असतं,
तर दोन-तीन संसार तरी वाचले असते.
तबकडीला भोक वेगळं. तिचा आवाज जन्मतः बारीक,
बाकीच्यांच्या पंगतीत बसवली तर उपाशी उठते.
मी एक चकचकीत डबा हातात घेतला, ब्लूटूथवाला.
"हा सगळं करतो," तो म्हणाला. "थोडं थोडं."
ठेवला खाली.

कॅसेट डेक त्यानं आतून आणला, टॉवेलात गुंडाळून.
रबरी पट्टे नवे. वेग मोजून घेतलेला, बिनचूक.

घरी आल्यावर स्पीकर डोरीन ह्यूमच्या भिंतीपासून हातभर लांब ओढले,
आणि पहिली लावली ती वत्सलाबाई गोकर्णकरांची बैठक,
इचलकरंजी, त्र्याऐंशी साल.
आवाज खाली बसलेला. दमलेला.
पलंगाखालून पेटी ओढली, पट्टी धरून पाहिली:
पांढरी पाच.
आणि मी तीस वर्षं, भांडी घासताना,
एक्स-रेच्या खोलीत दिवा लाल असताना,
काळी चारमध्ये गात आले.

म्हणजे आमच्या घरचा टेपरेकॉर्डर पळत होता.
तेव्हा कुणाला कळलं नाही.
भाऊ फक्त म्हणायचा,
बाईंना शेवटची एसटी गाठायची असणार.

आठवडाभर खरं गाणं ऐकलं.
दोन ताना संपतात तिथे त्या श्वास घेतात,
कुणीतरी बशीत कप ठेवतं,
समेवर यायला त्यांना मुळीच घाई नाही.
खऱ्या बाई अशा होत्या. चांगल्या होत्या.
पण मला जिनं शिकवलं ती एसटीवाली.

शनिवारी डेक घेऊन पुन्हा पुलाखाली.
"बिघडवून द्या," म्हटलं.
ऑलरेनशॉनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या मोटारी वळणावर आणल्या.
मग बारीक पेचकस शोधत म्हणाला, "किती बिघडवू?"

हेडफोन बघणारा एक पोरगा शेजारी उभा होता.
मी काउंटरला धरून सा लावला.
त्यानं स्क्रू केसभर फिरवला.
अजून.
वरून गाडी गेली, आम्ही दोघं थांबलो.
परत सा.
अजून किंचित.
बस्स.

तीन पौंड घेतले. "बरोबर करायचे बारा घेतो," म्हणाला.
मग डेकच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून
मार्करनं, मोठ्या अक्षरात,
पुढच्या कुठल्यातरी दुरुस्तीवाल्यासाठी लिहिलं:
वेग चुकीचा आहे.
बाईंना माहीत आहे.
हात लावू नये.