सत्तावीस टक्के

रात्री साडेनवापासून पडदा काळा आहे
आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ :
सत्तावीस टक्के.
मधूनच आतून टक्, टक्, मग किर्र,
मग पुन्हा टक्,
बंद दुकानाच्या शटरवर
कुणी चावी वाजवत उभं असावं तसं.

आप्पा अंथरुणातून उठून आले.
अडतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढलेला माणूस.
लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला,
टोक डिस्कवर, मूठ कानाला,
डोळे मिटले,
मोटारीचं ऐकायचे तसं ऐकलं बराच वेळ.
"बेअरिंग गेलंय," म्हणाले,
"ह्यात ग्रीस कुठनं सोडायचं?"
म्हटलं, ही उघडायची नसते आप्पा,
आत धुळीचा कणसुद्धा चालत नाही.
धुळीला भिणाऱ्या त्या मशीनकडं
त्यांनी जरा कीव येऊन पाहिलं.

डिस्कवर आहे काय म्हणाल तर
तीन लग्नांचे फोटो, माझा बायोडाटा,
कॅरमचा एक गेम
आणि आईची भिशी.
बावीस बायका, महिना हजार, पाच वर्षं.
वहीतून कॉम्प्युटरवर ती मीच आणली
आणि वही रद्दीत मीच घातली,
हे आई आज दुसऱ्यांदा बोलली.

लक्ष्मीपुरीतला इलाही फोनवर म्हणाला,
"लाईट तेवढी जाऊ देऊ नका.
आणि दुरुस्त होतंय असं समजू नका.
खराब जागा खराबच राहत्या,
मशीन नुसती खूण करतंय,
इथं परत काय लिहायचं नाही म्हणून.
तिथलं वाचता आलं तर उचलून दुसरीकडं ठेवतंय.
न्हाई आलं तर न्हाई."

आई लसूण सोलत बसलेली.
सोलता सोलता भिशी म्हणायला लागली, तोंडपाठ :
आक्काताई चौगुले, मार्चात उचलली, पोराच्या फीला.
नसीम बागवान, गाडा घेतला.
इंदू पोवार, काय केलं कुणाला ठावं.
मी कागदावर उतरवत गेलो.
एकवीस झाल्या.
"बाविसावी?"
आई सोललेल्या पाकळ्या ताटात
इकडच्या तिकडं करत राहिली.

पहाटे पावणेचारला शंभर टक्के.
एक नवं फोल्डर, त्यात सापडलेले तुकडे,
नावं गेलेली, नुसते नंबर.
एकात चिन्हंच चिन्हं.
एकात नवरदेव, बाशिंगापर्यंत,
खाली सगळा राखाडी पट्टा.
एकात भिशीची नववी ओळ :
फुलाबाई लोहार.
चौदा महिने, हजार-हजार,
आणि शेऱ्यात, एका बोटानं टाइप केलेलं,
'माझेकडून'.

फुलाबाईचा नवरा फाउंड्रीत भाजला होता त्या साली.
हीच फुलाबाई,
नळावरून भांडण झाल्यापासून
आई जिच्या दारावरूनसुद्धा जात नाही.

मी स्क्रीन तिच्याकडं वळवली.
चष्मा नव्हता, तरी वाचलं तिनं.
"मी इसरलो न्हवतो," एवढंच म्हणाली,
आणि लसणाची टरफलं गोळा करून आत गेली.

आता नव्या डिस्कवर एकेक उतरतंय.
नववी ओळ घ्यायची का, मी विचारलेलं नाही.
आप्पा किटली घेऊन
गंगावेशीत दुधाला निघालेत.
चप्पल घालता घालता थांबले,
परत आले, वाकून कान लावला.
"फिरतंय अजून," म्हणाले,
"फिरतंय तोवर काढून घे."