कानस

दिवसभर मी लोकांच्या कानांत
टिंब टिंब आवाज सोडते.
काचेपलीकडे माणूस, त्याच्या हातात बटण.
ऐकू आलं की दाबा.
नुसतं वाटलं तरी दाबा.
शेफील्डच्या सरकारी इस्पितळात अकरा वर्षं
हेच वाक्य, माझ्या मिरजेच्या इंग्रजीत.

कीरन आला तो कानांचे साचे घ्यायला.
वय चोवीस, बेस वाजवतो.
उजव्या कानात सतत किटली उकळतेय म्हणाला.
आलेखात चार हजारांपाशी खड्डा होता.
दाखवला, तर खूश झाला:
"बरोबर. तिथेच बेथनची झांज बसते."
गुलाबी लगदा कानात वाळेपर्यंत त्याला ऐकू येईना,
मग अपॉइंटमेंटच्या कार्डामागे लिहिलं:
मंगळवार, आठ वाजता, नीपसेंड.
पाच पौंड. नसले तर नसू देत.

तोवर मी काय ऐकत होते?
खरं सांगू, काही नाही.
घरी आल्यावर फ्रिजची घरघरसुद्धा नको व्हायची.

नदीकाठी गॅरेजांच्या मागे लोखंडी जिना.
वर सतरा माणसं. मोजली,
कारण हात कुठे ठेवायचे ते कळेना.
चार जण पुढच्या बँडचे.
एक कुणाची तरी आई, खिडकीशी, कोट मांडीवर.
मी गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र तसंच घेऊन.
दारातल्या मुलीनं मनगटावर शिक्का मारला,
बदकाचा.

बँडचं नाव सेकंडहँड कयाक.
पहिलं गाणं सुरूच होईना.
एक केबल बदलली, मग दुसरी,
मग पहिलीच परत लावली.
कुणी हसलं नाही.
आणि बेस जमिनीतून आला,
आधी पोटऱ्यांना कळला, मग मला.
गिटारची पोरगी सुरात नव्हती, बेसूरही नव्हती,
सुराच्या कठड्यावर पाय सोडून बसली होती.
तिचा अँप किंचित फाटका,
एकेक स्वर त्यात शिरायचा आणि
कडेकडेनं किरकिरत, झिणझिणत
उमलत जायचा,

जवारी.
पंचवीस वर्षांत हा शब्द मी उच्चारला नव्हता.

तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायचे बाबा,
तारेखाली दोरा सरकवायचे, कान टेकवायचे.
"बंद आहे अजून."
परत कानस. परत दोरा.
"आता उघडली."
मी नऊ वर्षांची. मला दोन्ही सारखंच ऐकू यायचं,
मान मात्र डोलवायचे.
"शेफील्ड दे गं इकडे," म्हणायचे,
"ती नको, बारकी."
बुडाशी झिजलेली इंग्रजी अक्षरं.
मला वाटे हत्याराचंच नाव ते,
जसं पक्कड, जसा रंधा.

मध्यंतरात लेमनेडच्या रांगेत
भिंतीवरचा जुना रंग वाचला:
कानशी, सर्व प्रकारच्या. परदेशी मालही पाठवला जाईल.
यातून काही सिद्ध होत नाही.
असे कारखाने इथे गल्लीगल्लीत होते.
तरी मी रांग सोडून
हात लावून पाहिला. वीट होती. थंड.

शेवटच्या गाण्याआधी कीरननं
मी दिलेला बुच उजव्या कानातून काढला.
मी खालून खुणा केल्या, डोळे वटारले.
त्यानं पाहिलं, आणि पाहिलंच नाही.
काय बोलणार, माझे स्वतःचे
पर्सच्या तळाशी, डबीत.

ते गाणं चांगलं होतं का? ठाऊक नाही.
शब्द तर एकही लागला नाही.
कॅसेट घेतली, ती वाजवायला घरी काही नाही,
पण ते नंतर.
त्याआधी, गाणं ऐन भरात असताना,
खिडकीशी बसलेली ती आई माझ्याकडे झुकून ओरडली:
"खाली कुणाची तरी गाडी वेडी झालीय बघा!"

पाहिलं.
अंधाऱ्या गल्लीत दिवे लागत, विझत,
गाडी उघडत, मिटत, उघडत.
कोटाच्या खिशात माझा अंगठा
मघापासून किल्लीचं बटण दाबत होता.

"माझीच," मी म्हटलं.
तिला ऐकू गेलं नाही.